फ्रीजमधला ससा

चि. वृषाली,

कळंबहून शिवलिंगमामाचे पोटभर आशीर्वाद. सर्दी गेली का? मेसच्या भाकरीला आता भाकरी म्हणता येतंय का? आम्ही खुशाल आहोत, म्हणजे कालपर्यंत नव्हतो, तेच सांगायला हे पत्र.

तू ऑर्डर देताना पुण्याच्या प्रयोगशाळेचा पत्ता सोडून आमच्या घरचा दिलास (अभ्यासात हुशार, पत्त्यात कच्ची, अगदी आईवर गेलीस) आणि बर्फात बसून ती अँटीबॉडीची अंगठ्याएवढी बाटली आमच्या किराणा दुकानात उतरली. फोनवर तू रडलीस, की दुसरी यायला महिने लागतील, ही गरम झाली तर सगळं काम बुडालं. फ्रीजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात नको. ठेवली. तुझ्या मामीला समजावूनही सांगितलं. आतड्यातून एक हार्मोन निघतं, पोट भरलं म्हणून सांगायला. ते अंगात जिथं जाऊन बसतं ती जागा ही अँटीबॉडी हुडकून दाखवते. सिद्धम्मा लई खूश झाली. म्हणाली, तुमच्यात ती जागा हाय का, ते आधी बघायला सांगा पोरीला.

तिथंच गप्प बसायचं की न्हाय मी? पण डब्यावर सशाचं नाव दिसलं, ते वाचून दाखवलं, आणि वर ही सशाच्या रक्तातून काढतात, हेही सांगून बसलो. झालं! बाईच्या गळ्यात इष्टलिंग, उंबऱ्याच्या आत कधी अंडं आलं न्हाय, आणि इथं दह्याशेजारी ससा. मला वाटलं, बाटली आता जाते उकिरड्यावर. पण तिनं बाटलीला हात लावला न्हाय. दूध, दही, लोणी, पुरणाचा गोळा, देवाची फुलं, सगळं बाहेर काढलं आणि शेजारच्या धुरपताबाईंच्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवलं. म्हणाली, "पोरीचं काम नासलं न्हाय पाहिजे. फ्रीज मी मागनं धुईन."

तेव्हापासून एवढ्या मोठ्या फ्रीजात ती बाटली एकटीच, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी ऐसपैस. लाईट गेली की सिद्धम्मा दाराला पाठ लावून बसायची, कुणी उघडू न्हाय म्हणून. मी मात्र चहाच्या घोटभर दुधासाठी सकाळी बनियनवर शेजारी (धुरपताबाई आता मला बघून हसत्यात).

आज त्यांचा पोरगा राजपाल पुण्याला कामावर निघालाय, डबा मांडीवर आणि हे पत्र खिशात घेऊन येतोय. बर्फाच्या पिशव्या नव्या भरल्यात. बाटली आधी जागेवर ठेव, मग मला फोन कर. तोवर माझ्या घशाखाली घास उतरायचा न्हाय (सिद्धम्माचा यावर विश्वास न्हाय).

तुझा,
शिवलिंगमामा

ता. क. – मामी रोज पूजेनंतर विचारते, त्या सशाचं पुढं काय झालं? मला काय माहीत! तू तिला फोनवर एवढंच सांग, तो बरा हाय. खरं काय असेल ते मला सांगू नकोस.

ता. क. – धुरपताबाईंच्या फ्रीजात आमच्या दह्याला खेटून अंड्यांचा ट्रे होता. मी पाहिला. सिद्धम्मानंही पाहिला, आणि दही थोडं डावीकडं सरकवलं. घरी आल्यावर दोघंही त्यावर बोललो न्हाय.

ता. क. – डब्याला बाहेरून मेथीची जुडी बांधलीय. मामीनं बजावलंय, ती तू खायची न्हाय. सशाला द्यायची हाय.