अंधाऱ्या खोलीतलं ऊन

प्रिय रेमे,

काल नऊ वर्षांनी तू फोनवर विचारलंस, "ताई, बोटीवर जायच्या आधी मी तुझ्या बुरुजाखाली उभी राहून हात हलवत होते. दिसले होते का गं?"

मी म्हटलं, "आभाळ आलं होतं. ऊन नसलं की आमच्या खोलीत काही दिसत नाही."

"बरं झालं. मला वाटलं, बघून तोंड फिरवलंस. ईस्टरला येते मग."

काडिझ शहर बघायला आलेला माणूस बुरुजावरच्या आमच्या अंधाऱ्या खोलीत येतोच. छतावरच्या आरशातून आणि भिंगातून सगळं शहर, चालत्या माणसांसकट, पांढऱ्या तबकडीवर उतरतं. त्या दिवशी त्यात तू होतीस, निळी बॅग घेऊन. "आईला माझ्या गळ्यात टाकून चाललीस," असं मी सकाळीच तुला बोलले होते, आणि राग उतरला नव्हता. खाली धावायचं सोडून मी पाहुण्यांना नेहमीची गंमत दाखवली. तबकडीवर कागद धरला आणि तुला अलगद वर उचललं. सगळे हसले. कागदावर तू हात हलवतच होतीस. मग मी कागद काढून घेतला.

हे पत्र टाकायची हिंमत नाही. तू ये.

त्या दिवशी लख्ख ऊन होतं गं.

तुझी ताई,
एन्कार्ना