कॅल्क्युलेटरवरची चाल

३ डिसेंबर ८२, भिसेगाव
दादांनी आज पुन्हा ताट ढकललं. उजवी बाजू गेली, तिच्याबरोबर वाचाही. "हां" तेवढं उरलंय. पाणी हवं, हां. नको, तरी हां. माझ्या वडलांच्या मनातलं मी आता डोळ्यांवरून ओळखायचं.
वसंताच्या मित्राच्या हाती कुवेतहून पार्सल आलं. साबण, सेंट आणि एक कॅल्क्युलेटर. बाजूला बारीक खटका आहे, तो सरकवला की आकडे वाजतात. १ दाबला की सा, २ रे, असं वरच्या सा पर्यंत. माझ्या भावाला वाटतं मी इथं दिवसभर बेरजा करत बसते.

४ डिसेंबर
भाकरी थापत होते. आतून किरकिर ऐकू आली. ५ ५ ६ ५ ३. गेले तर दादा डाव्या हाताच्या बोटानं आकडे दाबत होते! भजनी मंडळात आरतीआधी पेटीवर वाजवायचे तीच धून.
आजारी पडल्यापासून पेटीला शिवले नव्हते. मी एकदा खाटेजवळ आणून ठेवली तर भिंतीकडे तोंड केलं. खरंच, भाता मारायला एक हात, सुरांवर दुसरा. ह्याला भाता नाही. एक बोट पुरतं.
रडले. मग मी पण. भाकरीचा कोळसा.

९ डिसेंबर
सकाळपासून ७ दाबतात आणि चिडतात. उशिरा कळलं मला. कोमल नी हवाय, यंत्रात नाही. पेटीतल्या काळ्या पट्ट्या इथं कुठून येणार! शेवटी ७ सोडूनच दिला. ४ पण. आता फक्त १ २ ३ ५ ६. म्हणजे भूप राग.
आज स्वतःहून दोन घास जास्त जेवले.

१६ डिसेंबर
ही चाल मी ऐकलेली नाही. ३ ५ ६ ५, ३ २ ३, मग जरा थांबून ५ ६ ८. रोज तिथूनच सुरुवात, रोज थोडी पुढे. चुकलं की मुठीनं सगळे आकडे एकदम दाबतात, कोंबड्यांत कुत्रं शिरल्यासारखा आवाज होतो.
गोपाळकाकांना बोलावलं. दादांसोबत सगळी वर्षं त्यांनीच पखवाज धरला. त्यांनी ऐकलं. "अगं सुमन, आवाज उंदीर चिरकल्यावानी हाय. पन चाल… कुटली रं ही, शंकर? आपली नाय." मग खाटेच्या कडेवर बोटांनी ठेका धरला. दादांचा चेहरा! किती दिवसांनी.
काकांनी विचारलं, "शब्द कुटले हिचे?" दादांनी मान हलवली. नाही. आणि तोंडानं "हां".
दोघं हसले. लहान पोरांसारखे.

२३ डिसेंबर
हे आले खालापूरहून. ओल्या वालाच्या शेंगा घेऊन, पिशवीभर. सासूबाईंचा गुडघा, म्हशीचं वेत, घरात बाई नाही. सगळं खरं आहे.
दादांच्या पायाशी बसले थोडा वेळ. बाहेर आल्यावर म्हणाले, "सुमन, घरं दोन हायत का तुझी?"
मी म्हटलं, दादांचं करणार कोण.
"वसंतानं करावं. मुलगा हाय ना त्यो?"
वसंता कुवेतमध्ये. मी शेंगा सोलत बसले.

२ जानेवारी ८३
चाल निम्म्याच्या पुढे गेली असावी. पडद्यावर आठ आकडे मावतात, मग पुसायचं आणि पुढे. दादांना मागचं सगळं पाठ. मला पण झालंय. भांडी घासताना तोंडात येते.
आज दुपारी खूण केली, मी दाबायचं. मी वाजवलं, त्यांनी डोळे मिटून ऐकलं. एका जागी माझा हात धरला. घाई झाली. पुन्हा. पुन्हा धरला. तिसऱ्यांदा सोडला.
लहानपणी मला पेटी शिकवायला किती मागे लागले होते. मी विहिरीवर मैत्रिणींत. आता त्यांना बोलता येत नाही तर शिकतेय.

११ जाने.
सेल संपले. बटणासारखे चपटे, कर्जतमध्ये कुणाकडे नाहीत. घड्याळवाला म्हणाला मुंबईत बघा. दादा नुसते आकडे दाबत बसले, आवाज नाही. मग मीच तोंडानं सूर म्हटले, ते दाबतील तसे. माझा गळा तो काय. तरी चालवून घेतलं त्यांनी.

१५ जाने.
काका स्वतः मुंबईला जाऊन सेल घेऊन आले. ह्या वयात.
हे पण आले आज. ह्या वेळी शेंगा नाहीत. "संक्रांत झाली, आता चल. आई काय बोलत नाय, पन मी बोलतो. आज येनार असशील तर ये. नायतर मग नको येऊ."
आत दादा वाजवत होते. वरच्या सा वरून उतरून ५ ३, ५ ३, तिथं अडकलेत चार दिवस. शेवट जवळ आलाय हे मला कळत होतं.
मी म्हटलं, ही चाल होऊ द्या.
"कसली चाल?"
मी सांगितलं. सांगताना मलाच वेड्यासारखं वाटलं. त्यांनी चपला घातल्या. रस्त्यापर्यंत मी मागे गेले, ते एकदाही वळले नाहीत.

१९ जाने.
५ ३, ५ ३, २…
पुढचं बोट उचललं आणि ठेवलंच नाही. उद्या, अशी खूण केली.

२० जाने.
दादा

२३ जाने.
परवा पहाटे झोपेतच गेले, असं सगळ्यांना सांगतेय. परवा नव्हे, विसाला. दिवस कळत नाहीत. चहा घेऊन गेले तर हात गार. कॅल्क्युलेटर उशीखाली चालूच होता, पडद्यावर नुसतं शून्य.
वसंताला तार केली. येऊ शकत नाही.

२९ जाने.
दहावा. नदीवर हे आले होते. पुरुषांत उभे होते, डोकं उघडं. कावळा शिवायला वेळ लागला. सगळे माझ्याकडे बघायला लागले, म्हातार्‍याची काही इच्छा राहिली का, सांग म्हणून. काका पुढे झाले, म्हणाले, "शंकर, मी म्हनेन रं ती चाल मंडळात." मग शिवला.
हे बसनं गेले.

१ फेब्रु.
तेरावा. रात्रीच्या भजनात काकांनी चाल घेतली, नवीन पेटीवाल्याला बसवून. शब्द नाहीत म्हणून नुसत्या आ-कारात. शेवटी "२" वर आले आणि काकांनी सा लावून संपवली. भजन असं उघडं सोडता येत नाही, बरोबर आहे त्यांचं. बायका म्हणाल्या, छान झालं.
दादांनी सा लावलाच असता असं मला वाटत नाही. मग काय, तेही माहीत नाही. काकांना म्हटलं, छान झालं. घरी येऊन पोटभर रडले. माणूस गेल्याचं तेव्हा रडू आलं.

९ फेब्रु., खालापूर
कुलूप लावून किल्ली काकांकडे दिली. चौक गावाला बस बदलली. कुणी बोलावलं नव्हतं.
सासूबाई ओसरीवर. "आलीस?" एवढंच. आत ये नाही, जा नाही. मी पायरीवर बसले. हे शेतावरून आले, पाय धुतले, माझ्याकडे न बघता विचारलं, "ते वाजवायचं आनलंस का?"
काढलं. म्हणाले, "वाजव."
वाजवलं. सगळी. कुठे घाई केली नाही. सासूबाईंचं सुपातलं पाखडणं थांबलं. ५ ३, ५ ३, २.
हे वाट बघत राहिले. मग म्हणाले, "पुढं?"
मी म्हटलं, पुढं नाही.
ते उठले नाहीत. मी पण नाही. आता अंधार पडलाय, आत चूल पेटल्याचा वास येतोय, ओसरीवरच्या दिव्याच्या उजेडात हे लिहितेय. माझी पिशवी अजून पायरीवरच आहे.