एकावर एक दोन बनियनं

प्रिय टोळभैरवा,

तुझा आजोबा ठणठणीत आहे. हे आधीच लिहिते, कारण माझं पत्र आलं की कुणीतरी गचकलं असंच तुम्ही धरून चालता.

झालं असं, ऐन उकाड्यात म्हातारा एकावर एक दोन बनियनं घालायला लागला. धुवायची मला, म्हणून कळलं. विचारलं तर म्हणे थंडी वाजते. आणि पंखा पाचवर! मी जन्मभर लोकांचे कपडे शिवले, अंग चोरणारं माणूस मला पाठमोरंही ओळखू येतं. शर्टाचं माप घेते म्हणून छातीवर टेप टाकली, तर केवढ्याने कळवळला! दोन्हीकडे बाईसारखा उभार, आणि डावीकडे बोराएवढी गाठ. कॅन्सरच झालाय असं धरून गप्प बसला होता. मरायची तयारी होती, पण शर्ट काढायची नाही.

ओढतच दवाखान्यात नेला. मॅमोग्राफी की काय म्हणतात, तो छातीचा फोटो काढतात त्या खोलीबाहेर सगळ्या बायका, मधे हा. नर्स मला म्हणाली, "चला आजी, आत." मी ह्याला पुढे ढकलला. बाकावरच्या सगळ्या हसल्या, शेवटी हाही हसला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुरुषांनाही कॅन्सर होतो, म्हणून दाखवलंत ते बरं केलंत. पण हा तो नव्हे. हृदयासाठी जी गोळी चालू होती तिची ही करामत. ती बदलून दिली. घरी आल्या आल्या त्याने एक बनियन काढून माझ्या अंगावर भिरकावलं, आणि मी चक्क शिवी दिली नाही.

आता तुझं. सुट्टीत आलास तेव्हा घामाने निथळत होतास, पण जाकीट काढलं नाहीस. पोहायला चल म्हटलं तर कान दुखायला लागला. जिममधल्या मित्राची पावडर दुधातून ढोसतोस, तेही पाहिलं. मी बाईंना विचारून आले. असल्या डब्यांत कधी कधी नको ते मिसळलेलं असतं म्हणाल्या. छातीचं हे असं दारूनेही होतं, लिव्हर किंवा थायरॉइड बिघडलं तरी होतं, आणि वयात येताना तर कितीतरी पोरांना होऊन आपोआप जातं. तुझं ते वय सरलं. तेव्हा डबा काखोटीला मार आणि डॉक्टर गाठ, म्हणून हे पत्र. बायकांच्या बाकावर बसायची लाज वाटत असेल, तर म्हातारा म्हणतो मी सोबत येतो. त्याला आता सराव आहे.

तुझीच,
डोळे शाबूत असलेली आजी