विजापूर रस्त्यावरील विहिरीबाबत

मी, जोतीराम येसू चंदनशिवे, वय अदमासे सत्तेचाळीस, धंदा मोटार-लॉरी ड्रायव्हर, राहणार सोलापूर, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. जात लिहिण्याचा रिवाज आहे म्हणून लिहितो: महार. माझी छाती अधू झाली आहे, डोके शाबूत आहे. डॉक्टरांनी लॉरी चालवायची बंदी केली आहे, त्यामुळे लिहायला सवड आहे. हे मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. दबाव आणणारे दोघे आहेत. ते दोघेही पुढच्या कलमांत येतील.

वकिलांनी मसुदा करून दिला होता. त्यात माझ्या मिळकतीचे सर्व होते आणि बजाबाईचे काही नव्हते. मी म्हणालो, तिच्यावाचून विहिरीचे कलम कोणाला कळणार? ते म्हणाले, "मृत्युपत्रात मयत बायकोची हकिकत बसत नाही." मी त्यांची फी दिली आणि घरी येऊन हा दुसरा कागद घेतला.

कलम १. मिळकत. एक जुनी लॉरी, माझ्या नावची. विजापूर रस्त्याच्या कडेला जमिनीचा लहान तुकडा, त्यात कडुनिंबाचे एक झाड आणि एक विहीर. विहिरीला पाणी लागले आहे, बांधकाम अर्धे आहे. वतनाच्या जमिनीत माझा हिस्सा. पोस्टात थोडी शिल्लक. बाकी घरातल्या वस्तू. मूलबाळ नाही. बायको बजाबाई तीन वर्षांपूर्वी वैशाखात वारली.

तो तुकडा ज्या गावाच्या शिवेत आहे त्या गावाचे नाव मी येथे लिहिणार नाही. खरेदीखतात आहे, ज्याला लागेल त्याने तेथे पाहावे. त्या गावाने माझ्या बायकोला बारा वर्षे पाहिले आणि एकदाही तिचे नाव विचारले नाही.

कलम २. लॉरी. लॉरी गैबीसाब अत्तार यांना द्यावी. त्या रस्त्यावर त्यांचे शेत आहे आणि वरील तुकडा त्यांनीच मला विकला. लॉरीबरोबर हँडल, जॅक, दोरखंड, ताडपत्री आणि बाभळीचा ठोकळा जाईल. ठोकळा म्हणजे चढावर लॉरी थांबली की मागच्या चाकाला लावायचे लाकूड. तो बजाबाईने तासला आहे. मोडेपर्यंत दुसरा करू नये.

बजाबाई माझ्या लॉरीवर क्लीनर होती. हे सोलापुरात सर्वांना माहीत आहे आणि पुष्कळांनी त्याची चेष्टा केली आहे, म्हणून नीट लिहितो. मी गाडी शिकलो जर्मन लढाईत, बसऱ्याच्या मोहिमेत. लिहायला शिकलो त्याआधी, पलटणीच्या शाळेत. परत आलो तेव्हा शेठ लोकांना ड्रायव्हर हवा होता आणि माझी जात चालत होती, कारण गाडी चालवणारे थोडे होते. पण माझ्या हाताखाली क्लीनर यायला कोणी तयार नव्हते. एकाच ताटलीत जेवावे लागेल, एकाच ताडपत्रीखाली निजावे लागेल, ही अडचण. आमच्यातले होते ते इंजिनाला भीत. तेव्हा बजाबाई म्हणाली, "म्या येते. ह्यो रस्ता म्याच घातलाय की. तुमी नुसतं त्येच्यावरनं जाताय."

ते खरे होते. लग्नाआधी ती त्याच रस्त्याला खडी फोडायला होती.

ती कासोटा घट्ट मारून हँडल फिरवी. चढावर ठोकळा खांद्यावर घेऊन लॉरीमागून चाले. सुताचे गठ्ठे, गूळ, भुईमुगाची पोती, काय लादले आहे ते पाहून दोर कसा आवळायचा हे ती ठरवी. गावातल्या धर्मशाळेत आम्हाला जागा नसे, म्हणून आम्ही लॉरीखाली झोपत असू. तीन दगडांवर ती भाकरी करी. सात रस्त्याच्या स्टँडवर फकीर ड्रायव्हरने एकदा सर्वांसमोर विचारले, "काय जोतीराम, किलिंडर म्हून बायकोच ठिवली व्हय?"

मला अशा वेळी सुचत नाही. ती टायरला हवा भरत होती. हात न थांबवता म्हणाली, "व्हय. तुमचा किलिंडर भाकरी थापतोय का इचारा. थापत असंल तर म्या नोकरी सोडते."

फकीर हसला आणि त्याने दोघांना चहा पाजला. त्या दिवसापासून तो तिला भाभी म्हणू लागला. तोच या कागदावर साक्षीदार आहे.

कलम ३. पत्र्याचा डबा. हा पेट्रोलचा रिकामा डबा आहे, वर लाकडी दांडी बसवलेली. इंजिनाला पाणी आणायचा. तो मी कोणा एकाला देत नाही. त्याचे काय करायचे ते कलम ६ मध्ये आहे. त्याची हकिकत येथे लिहितो, कारण सर्व भांडण या डब्याचे आहे.

विजापूर रस्त्याला उन्हाळ्यात इंजिन फार तापते. दर थोड्या वाटेने टाकीत पाणी घालावे लागते. विहिरी गावांच्या. आम्ही विहिरीला हात लावायचा नाही. पण लॉरीत शेठचा माल असे, तो वेळेवर पोचला पाहिजे, म्हणून गावोगाव एक रीत पडली. बजाबाई डबा घेऊन विहिरीपासून लांब उभी राही. विहिरीवरचा माणूस शेंदून वरून डब्यात ओती. ते पाणी लॉरीचे. त्यातले आम्ही पीत असू हे सर्वांना ठाऊक होते, पण ते कोणी बोलत नसे. अट एकच होती. लॉरी विहिरीवरून दिसली पाहिजे. लॉरी दिसत असेल तर पाणी लॉरीचे. दिसत नसेल तर ते महारणीचे, आणि ते मिळत नाही.

ज्या गावाचे नाव मी लिहीत नाही त्याच्या पाटलाने एकदा ही रीत आम्हाला समजावून सांगितली होती. "अगं, लॉरीला जात नसती."

बजाबाई म्हणाली, "मंग मला बी लॉरीच समजा की, पाटील. घाला वंजळीत."

पाटीलही हसले होते. पाणी डब्यातच पडले.

ती लॉरीला सवत म्हणे. डबा आणला की म्हणे, "आदी सवतीला पाजा, मंग मला." विजापुराकडे कानडी बोलतात म्हणून ती तेही शिकली होती, "नीर कोडरी." म्हणे, "पाणी मागाया मला दोन भाषा येत्यात, पर मिळतंय ते सवतीच्या भाषेत."

तीन वर्षांपूर्वी वैशाखात, भर दुपारी, त्या गावाच्या अलीकडे आमचा मागचा ॲक्सल गेला. लॉरी रस्त्याच्या वळणाआड उभी होती, विहिरीवरून दिसत नव्हती. प्यायचे पाणी संपले होते. मी लॉरीखाली होतो. ती डबा घेऊन गेली आणि रिकामा डबा घेऊन आली. सावलीला बसली आणि हसत सांगू लागली, "पाटलाचा गडी म्हनला, लॉरी कुटं हाय? म्या म्हनलं, मोडलीया, वळनापल्याड. तर म्हनतो, हितं आन, मंग घालतो. म्या म्हनलं, आनली असती रं उचलून, पर कंबर धरलीया."

तिचा चेहरा कोरडा पडला होता, घाम येत नव्हता. मी इंजिनाच्या टाकीचे खालचे बूच सोडून गंजाचे पाणी काढले, धोतराच्या पदरातून गाळले आणि तिला दिले. तिने दोन घोट घेतले. म्हणाली, "सवतीचं उष्टं." गैबीसाबांची बैलगाडी आली. त्यांनी तिला आपल्या शेतातल्या कडुनिंबाखाली नेले, आपल्या घागरीतले पाणी तोंडावर मारले, पाजले. ते पोटात राहिले नाही. सूर्य मावळायच्या आत ती गेली.

मयताच्या नोंदीत पाटलांनी "ऊन लागून" असे लिहिले. ते खोटे नाही. अर्धे आहे. उरलेले अर्धे या कागदात लिहून ठेवले.

कलम ४. जमीन कशी आली. गैबीसाबांनी मला कडुनिंबासह तुकडा विकला तेव्हा गावाने त्यांना अडवले. ते सर्व त्यांनीच मला सांगितले. "पाटील बोलला, त्याला विकू नको. म्या बोललो, बरं, तू घे. तर बोलतो, एवढ्या किमतीची हाय का ती? म्या बोललो, मग गप ऱ्हा की." लॉरी त्यांना देण्याचे कारण एवढेच.

खोदकाम सुरू झाल्यावर पाटील स्वतः सात रस्त्याला मला भेटायला आले. उन्हाची छत्री मिटून लॉरीच्या सावलीत उभे राहिले. चांगल्या शब्दांत बोलले. म्हणाले, "जोतीराम, तुझ्या लॉरीला आमी कधी पाणी न्हाय म्हनलो का?"

"नाही, पाटील."

"मग ही ईर्षा कशापायी?"

मला त्या वेळी सुचले. मी म्हणालो, "लॉरी मेली नाही, पाटील."

कलम ५. कोंडीबा. कोंडीबा माझा धाकटा भाऊ, आमच्या गावी राहतो, वतनाचे काम करतो. आमचे गाव त्या गावाला लागून आहे आणि पाटलांचा शब्द तेथेही चालतो. वतनाच्या जमिनीतला माझा हिस्सा आणि पलटणीतला लोकरी कोट त्याला द्यावा. विहिरीवर त्याचा कोणताही हक्क नाही, आणि तो का नाही हे त्याच्या मुलांना पुढे कळावे म्हणून लिहितो.

विहिरीला पाणी लागल्यावर पाटलांनी त्याच्या मार्फत निरोप पाठवला. बांधकाम पाटील स्वखर्चाने पुरे करतील. विहीर धर्मादाय होईल. वर एक माणूस कायमचा ठेवतील, तो येईल त्याला पाणी ओतील, जात न बघता, लॉरी असो नसो. मी फक्त जमीन लिहून द्यायची.

कोंडीबा म्हणाला, "दादा, वाईट काय हाय ह्यात? पानी मिळाल्याशी मतलब. वहिनीच्या नावानं पुन्य व्हईल."

मी म्हणालो, "ओतणारा कोण?"

"त्येंचा मानूस."

"आणि उद्या त्याने ओतले नाही तर?"

"न्हाय कसं वतंल? पाटलांनी शबूद दिलाय."

"मला शेंदता येते, कोंडीबा."

"तुमाला काय, तुमी सोलापुरात. आमाला तितं ऱ्हायाचं हाय."

तेही खरे आहे. कोंडीबा वाईट माणूस नाही. पण माझ्या पाठीमागे तो विहीर विकील, हे मला दिसते, आणि चांगल्या मनाने विकील. म्हणून त्याला विहीर देत नाही. कोट त्याला नेहमी आवडत असे. तो घालून पाटलांसमोर उभा राहता आले तर राहावे. नाहीतर थंडीला उपयोगी आहे.

कलम ६. विहीर. विहीर, कडुनिंब आणि भोवतालची जमीन कोंडीबाची थोरली मुलगी मुक्ताबाई हिच्या ताब्यात द्यावी. तिला कुर्डुवाडीत दिले आहे, नवरा रेल्वेच्या कारखान्यात आहे, त्यामुळे गावाच्या पाटलाला तिला घाबरवायला साधन नाही. हे मी तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "काका, बाबा माझ्याशी बोलायचं बंद करतील." मी म्हणालो, करील थोडे दिवस. ती म्हणाली, "करू द्या. काकींनीच मला हँडल फिरवायला शिकवलं व्हतं." तिने हे पुढीलप्रमाणे सांभाळावे:

पोस्टातली सर्व शिल्लक बांधकामाला लावावी. त्यात जेवढे होईल तेवढेच करावे. कोणाची देणगी घेऊ नये. माझ्या दिवसांचे जेवण घालू नये, तेही बांधकामात घालावे.

पायऱ्या पाण्यापर्यंत नेऊ नयेत. रहाट आणि दोर ठेवावा. फाटक, कुलूप, राखणदार ठेवू नये.

पत्र्याचा डबा दोराला बांधून कायमचा तेथेच ठेवावा. फुटला तर झाळाचा डाग लावून घ्यावा.

विहीर कोणालाही विकायची, गहाण टाकायची किंवा धर्मादाय म्हणून लिहून द्यायची नाही. वकील म्हणतात, अशी अट कोर्टात टिकेलच असे नाही. न टिकली तर कोर्टाने मोडावी. मी मोडणार नाही आणि मुक्ताबाईला मोडण्याची परवानगी देत नाही.

त्या विहिरीवर कोणी कोणाला पाणी ओतायचे नाही. अपंग, म्हातारे आणि लेकरे सोडून. पलटणीत पाण्याच्या गाडीला तोटी होती, ज्याला तहान तो तोटी फिरवी आणि तोटी काही विचारत नसे. येथे तशीच रीत राहील. कोणी आले तर त्याचे गाव विचारू नये, जात विचारू नये, आणि त्याची लॉरी कुठे आहे हे तर मुळीच विचारू नये. तहान चालत आलेल्यालाही असते.

विहिरीवर माझे नाव नको. दगडावर "बजाबाई" एवढेच घालावे. कोणाची कोण ते लिहू नये. तिचे नाव तेथे न विचारता वाचता यावे.

कलम ७. घर. चूल, भांडी, जाते, अंथरूण, सर्व शेजारीण रत्नम्मा हिला द्यायचे मनात होते. ती साक्षीला बसणार आहे आणि वकील म्हणाले की साक्षीदाराला काही मिळू नये, त्यात पुढे तंटा निघतो. म्हणून सर्व काल संध्याकाळीच तिच्या घरी पोचते केले आहे. आज मी तिच्याच ताटलीत जेवलो. त्यामुळे हे कलम रिकामे आहे.

कलम ८. हे कलम कागद वाचून दाखवल्यावर वाढवले आहे. रत्नम्माचे कुटुंब मागावर बसते, तेलुगू घरात बोलतात, मराठी तिला चांगली समजते. सर्व ऐकून तिने विचारले, "अण्णा, अन् उद्या त्यांची विहीर आटली, अन् पाटील आला पाण्याला, तर मुक्तानं काय करायचं?"

फकीर म्हणाला, "हाकलायचं, अजून काय."

हाकलायचे नाही. डबा तेथेच आहे. पाटलांनी शेंदून घ्यावे.

येणेप्रमाणे राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत लिहिले. याआधीचा वकिलांचा मसुदा रद्द समजावा.

सही: जोतीराम येसू चंदनशिवे

साक्षीदार, आमच्यासमोर सही केली:
१. फकीर बाबालाल शेख, लॉरी ड्रायव्हर, सात रस्ता. सही उर्दूत.
२. रत्नम्मा मल्लय्या, मागवाली. डाव्या हाताचा अंगठा.

मुक्काम सोलापूर, ता. २० जून १९३८