दाखल्यावरची चार वर्षं

१२ मार्च, सकाळ

चि. मैनेस,
गुरुजींचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा पोचलं. अक्षर अजून तसंच, उजवीकडे कललेलं. इकडे सगळं ठीक. गुडघे आता माझं ऐकत नाहीत, एवढंच. तुझी आई धुणीभांडी करते. वाटेत दिसली की एकच विचारते, "गुरुजी, पोरगी कधी येईल हो?"

नदीच्या कवितेतलं तिसरं कडवं तू हमखास विसरायचीस आणि बेधडक स्वतःचं घालायचीस. मी कधी टोकलं नाही. मूळ कवितेपेक्षा बरं असायचं ते.

पण तू विचारलंस ते असं किती वेळ टाळणार? कागदावर तू तेव्हा अठराची, म्हणून राजीखुशीने गेलीस, असं तुला इथून नेणारा तो दलाल कोर्टात म्हणतोय. "गुरुजी, माझं वय कुणी वाढवलं?"

मैने, मी वाढवलं.

आपल्या शाळेत निम्म्या पोरांचा वाढदिवस एकच, शाळा उघडायचा दिवस. आईबापांना तारीख ठाऊक नसायची, मी अंदाजाने घालायचो. तुझी मात्र खरी होती. आईने दवाखान्याची चिठ्ठी आणली होती.

तुझे वडील गेले, घरात चूल पेटेना. माझं निवृत्तीचं वर्ष, पेन्शनची फाइल वर अडकलेली. तेव्हा तो दलाल आला. "मोठ्या घरी मुलं सांभाळायचं काम आहे, गुरुजी. दाखल्यावर चार वर्षं वाढवा, बस्स. तुमच्या फाइलचं मी बघतो, वरचे साहेब आपलेच आहेत."

"पोर चौदाची आहे हो."

"तारखा तुम्हीच वाटता ना? मग हिच्यापाशीच हात का आखडता?"

आठव्या दिवशी फाइल सुटली. असली माणसं फुकट काही करत नाहीत, हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी तुला गाडीत बसवायला आलो आणि "नीट राहा" म्हणालो.

शाळेच्या रजिस्टरात तुझं खरं वर्ष तसंच आहे. सोमवारी मी ते घेऊन कोर्टात येतोय. शाळेतल्या नव्या बाई म्हणाल्या, "गुरुजी, या वयात तुरुंगात जाल." जाईन.

काल तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

हे पत्र तुझ्या वकीलबाईंना दे. खाली पूर्ण सही करतोय, दाखल्यावर आहे तश्शीच. ताडून बघू देत.

तुझा अपराधी,
(सही)
मुख्याध्यापक, निवृत्त