पिंपळीला दोन मिनिटं

सोमवार, ६ जानेवारी

रजा संपली. खाकी चढवली आणि वरची दोन बटणं लागेनात! श्वास रोखून लावली. त्यावर कंडक्टरची बॅग – तिचा पट्टा नेमका छातीवरून जातो.

बारामती–इंदापूर, तीन फेऱ्या. म्हणजे दिवसातून सहा वेळा पिंपळीवरून. फाट्यावरून आमच्या घराचा पत्रा दिसतो. त्या पत्र्याखाली माझी लेक मित्रा, पाच महिन्यांची. आणि मी तिकडं बघत दोरी दोनदा ओढायची – डबल बेल, चला!

सकाळी वाटीत दूध काढून ठेवलं होतं. घरी आले तर आत्या (सासूबाई, पण मी आत्याच म्हणते) म्हणाली, "बाटली तोंडात बी धरंना तुजी लेक. वाटीनं दिलं तर सगळं माज्या अंगाव फुर्र केलं."

मंगळवार, ७ जानेवारी

जंक्शन गावच्या थांब्यावर एक बाई चढली, तिचं बाळ रडायला लागलं. लेकरू तिचं, पान्हा मला! खाकीवर दोन गोल डाग. तिकीट मशीन छातीशी धरून इंदापूरपर्यंत उभी राहिले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुरुवार, ९ जानेवारी

आमचे ड्रायव्हर रामहरीतात्या. बाई असले तरी मला मास्तरच म्हणतात. आज आपणहून म्हणाले, "मास्तर, पिंपळीला दोन मिन्टं थांबू की. म्हातारीला म्हनावं पोरगी घिऊन फाट्याव या. मी काडतो यळ भरून."

भर स्टँडवर रडू आलं. "मला धूळ लई लागती," म्हटलं. "लागती, लागती," म्हणाले.

सोमवार, १३ जानेवारी

लेकरू काही घड्याळ बघून पीत नाही. आत्या बाराच्या गाडीला फाट्यावरच्या शेडमध्ये मित्राला घेऊन उभी असते. मी उडी मारून उतरते, पदर नाही म्हणून आत्याचाच पदर आडवा. पहिलं मिनिट तर पोरगी माझ्या तोंडाकडंच बघते. मग कुठं धरते. आणि जरा घुटके घेते तोवर मी तोंडातून काढते! ओढूनच काढावं लागतं. तिचा आवाज पुढच्या लिमटेकपर्यंत कानात राहतो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, सहा महिने फक्त अंगावरचं. मलाही तेच हवंय. माझी एवढी एकच हौस आहे, तिलाही घड्याळ लावलंय.

विजयसिंह म्हणून एक जण रोज इंदापूरला जातात. आज खिडकीतून म्हणाले, "तुमाला काय बाई, सगळ्या सवलती." 'तुमाला' वर जोर. मला कळतो तो जोर. लहानपणापासून कळतो.

रविवार, १९ जानेवारी

बुद्धघोष आला होता. कंपनीतून पंधरा दिवसांनी नवरा घरी येतो, लेकीला उंच उडवतो, जातो. सगळं ऐकून म्हणाला, "सोड मग. माझ्या पगारात भागंल."

भागंल तुझं. माझं? तिसऱ्यांदा परीक्षा दिली तेव्हा लागले मी. मामंजींनी विहारात पेढे वाटले – आपल्या घरातली पहिली खाकी! त्यांना काय सांगू, पेढे परत द्या?

आत्याचं दुसरंच. "वरचं चालू कर. म्हशीचं, पानी घालून. आमची पोरं न्हाय वाढली व्हय?"

सगळ्यांकडं उत्तर आहे. माझ्याकडं नुसती भरलेली छाती.

शुक्रवार, २४ जानेवारी

पहिल्या फेरीत इंदापूरहून परतताना भवानीनगरच्या अलीकडं उसाची ट्रॉली आडवी झाली. पन्नास मिनिटं! ना पुढं ना मागं. छातीत दूध दाटून दगड झाले. हात वर करून दांडीलाही धरवेना. प्रवासी मलाच विचारतात, कधी निघणार? मला काय विचारता, ऊस का मी सांडला?

बाराची गाडी पिंपळीला उशिरा पोचली तर शेड रिकामी. आत्या वाट बघून गेली होती.

बुधवार, २९ जानेवारी

गाडी मला सोडून गेली.

मित्रा आज छान पीत होती. डोळे मिटून. मी म्हटलं अजून अर्धं मिनिट. तेवढ्यात आत टण टण! डबल बेल. तात्यांना वाटलं मीच चढले. गाडी हलली, धूर सोडला, गेली. माझी गाडी, माझे चाळीस प्रवासी, आणि कंडक्टर पिंपळीच्या शेडमध्ये बटणं उघडी टाकून उभी!

आत्या ओरडली, "अगं थांबीव की तिला!" काय थांबवू, हाताला लेकरू. धाकटा दीर विकी मोटरसायकल घेऊन आला, त्याच्यामागं बसून लिमटेकला गाडी गाठली. तात्यांचं तोंड पांढरं पडलेलं. गाडीत हशा. विजयसिंह हसत नव्हते, बाहेर बघत होते. दोरी त्यांच्याच डोक्यावर येते.

शुक्रवार, ३१ जानेवारी

कुणीतरी तक्रार केली. डेपोचे साहेब शांतपणे म्हणाले, "प्रियदर्शनी मॅडम, लेखी खुलासा द्या. तब्येत बिघडली होती असं लिहा, विषय मिटेल."

मी कागद घेतला. खोटं लिहिलं असतं तर बरं झालं असतं. पण तब्येत माझी बिघडलेलीच नाही! लिहिलं – बाळाला पाजत होते.

ताकीद मिळाली. मला एकटीला नाही, तात्यांनाही. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय त्यांचं. माझ्या खरेपणाची शिक्षा त्यांना. माफी मागितली तर म्हणाले, "लिवलं ते बराबर लिवलं. पन आता थांबता यायचं न्हाय, मास्तर."

टेबलावरच्या कामासाठी अर्ज टाकलाय. माझ्याआधी तिघी आहेत. साहेब म्हणाले, जूनपर्यंत बघू. जूनमध्ये मित्रा भाकरी खाईल!

सोमवार, ३ फेब्रुवारी

आत्याला बजावलं होतं, फाट्यावर येऊ नका. तरी आली. मित्राला कडेवर घेऊन उभी. एक म्हातारा उतरला, दोघी चढल्या, की झालंच. पोरीनं मला ओळखलं, दोन्ही हात पुढं केले.

मी बेल दिली. माझ्याच हातानं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

इंदापूर स्टँडवरच्या हिरकणी कक्षात, बाळाला पाजायच्या खोलीत, बसून लिहितेय. पंखा आहे, पडदा आहे, खुर्ची आहे, पाणी आहे. बाळ तेवढं नाही. दहा मिनिटांत हातानं पिळून काढते, तेही घरी कुणी पीत नाही.

आज वाटीचा तळ झाकला नाही. आधी अर्धी वाटी निघायची. आटत चाललंय. कुणी बंद करायला सांगायची गरजच नाही, आपोआप बंद होणार. मग सगळे म्हणतील, बघ, सुटलं की!

रविवार, ९ फेब्रुवारी

सुट्टी. दुपारी ओसरीवर आत्या ज्वारी निवडत होती, मित्रा माझ्या मांडीवर पीत होती. निम्मं पिऊन चिडायची, परत धरायची. मी म्हटलं, "आत्या, आजपासून म्हशीचं द्या. हरले मी."

वाटलं, जिंकल्यासारखं बोलेल. तिनं सुपातला खडा वेचून टाकला. मग म्हणाली, "घोष चार म्हैन्याचा हुता. खुरपायला जायाची मी. लेकरू बांधाव झोळीत, आन् मालक पात सोडून उठू द्यायचा न्हाय. छाती फडक्यानं आवळून बांदायची. तिसऱ्या आठवड्यात आटलं."

मला एवढा राग आला! म्हटलं, "मग इतके दिवस 'आमची पोरं न्हाय वाढली व्हय' कशाला ऐकवत होता?"

"मग काय सांगू?" म्हणाली. "रडून दाखवू तुला?"

आणि सूप घेऊन आत गेली. तिच्यावर रुसायचं का तिच्या गळ्यात पडायचं, कळेना. संध्याकाळी म्हशीची धार निघाली, तरी त्यातलं टिपूसभरही तिनं मित्राला दिलं नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

बाराची गाडी. पिंपळीला आत्या चढली! नवं लुगडं, काखेत मित्रा. विजयसिंहांच्या शेजारची जागा सोडून थेट माझ्या सीटवर येऊन बसली.

"येक हाफ, इंदापूर. आन् परतीचं बी दे."

"आत्या, हे काय—"

"कंडक्टर, पाशिंजर हाय मी. तिकीट दे आन् लेकरू घे."

तिकीट दिलं. लेकरू घेतलं. लासुर्णे गेलं, निम्मी वाट सरली, तरी पीत होती.