स्पीकरच्या पाइपातलं दुपटं

बाबा,

आज कानाच्या डॉक्टरकडे जाऊ नका. तुमचे कान ठणठणीत आहेत.

स्पीकरच्या खोक्यात खर्ज नीट घुमावा म्हणून तुम्ही जो पाइप तासून बसवलात, त्यात परवा मीच बाळाचं दुपटं खोलवर कोंबलं. खर्जाच्या दणक्यानं बाळ दचकून उठायचं आणि तुम्हाला सांगायला माझी जीभ रेटेना. काल जेवताना तुम्ही ह्यांना म्हणालात, "पाइपाचं माप बरोबर आहे रे, तरी खर्ज ऐकू येईना. माझे कानच गेले." मी मान खाली घालून वाढत राहिले.

दुपटं काढलंय. बाळाला लस द्यायला नेतेय. घर रिकामं आहे, मनसोक्त वाजवा.

हे समोर उभं राहून सांगायला हवं होतं. पण तुम्ही लगेच "असू दे गं पोरी" म्हणाला असतात, आणि तेच मला सोसलं नसतं.

तुमची सूनबाई